आधी चूक मोजा, मग दुर्बिणीला दोष द्या

पावसाळा सरून भाताची कापणी उरकली की मुंबई-ठाणे-कल्याणच्या आकाशनिरीक्षकांचा मोसम सुरू होतो. वांगणीला खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वर्षानुवर्षे होत आले आहेत. नेरळपासून खालापूरपर्यंतच्या पट्ट्यात शेतघरांच्या गच्च्यांवर आणि रिकाम्या खाचरांत दुर्बिणी उभ्या राहतात. कर्जतहून कोंदिवड्यामार्गे कोंडाण्यापर्यंत आत शिरले की शहराचा उजेड आणखी मागे पडतो आणि राजमाचीच्या पायथ्याशी बऱ्यापैकी काळे आकाश मिळते. या दुर्बिणींमध्ये मोटर आणि हँड कंट्रोलर असलेल्या ‘गो-टू’ दुर्बिणी आता सर्रास दिसतात आणि त्यांच्याबद्दलची तक्रारही सर्रास ऐकू येते: अलाइनमेंट होतच नाही, किंवा झाली म्हणून पडद्यावर लिहून येते, पण देवयानी दीर्घिका मागितली की आयपीसमध्ये नुसता अंधार. यावर सहसा एकच उपाय होतो. यंत्र बंद करायचे, चालू करायचे आणि तीच कृती पहिल्यापासून करायची. कारण तसेच राहिलेले असते, म्हणून चूकही तशीच राहते. या प्रश्नाचा नीट आढावा घेतला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. अलाइनमेंट बिघडण्याच्या प्रत्येक कारणाची चूक ठरावीक मापाची आणि ठरावीक दिशेची असते. दुर्बीण किती अंशांनी आणि कुठल्या बाजूला चुकली हे आधी पाहिले, तर कारण बहुतेक वेळा तिथल्या तिथे सापडते आणि संगणक संशयितांच्या यादीत सर्वांत शेवटी जातो.

त्यासाठी अलाइनमेंटमध्ये नेमके काय घडते हे पाहावे लागेल. मोटरच्या आसांवर बसवलेले एनकोडर फक्त एवढेच मोजतात, की नळी सुरुवातीच्या जागेपासून आडवी किती फिरली आणि उभी किती उचलली गेली. ती सुरुवातीची जागा आकाशात कुठे होती, हे त्यांना ठाऊक नसते. आपण दोन ओळखीचे तारे मध्यभागी आणून दाखवतो तेव्हा कंट्रोलर स्वतःची मोजमापे आणि ताऱ्यांचे नोंदलेले स्थान यांची सांगड घालतो आणि त्यावरून सगळ्या आकाशाचा हिशेब मांडतो. हौशी लोकांच्या हातात हे तंत्र मोठ्या प्रमाणावर आले ते १९९२मध्ये आलेल्या मीड कंपनीच्या एलएक्स२०० दुर्बिणींपासून. मोठ्या वेधशाळांत ते त्याआधीच रुजले होते. १९७४मध्ये सुरू झालेली ऑस्ट्रेलियातली ३.९ मीटरची अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बीण संगणकाच्या भरवशावरच काही विकलांइतकी अचूक नेम धरू लागली. त्यासाठी तिच्या लोखंडी सांगाड्याचा बाक आणि आसांमधला तिरपेपणा अनेक ताऱ्यांवर मोजून त्याचा हिशेब संगणकात भरला गेला. कोट्यवधींचे यंत्रसुद्धा मुळात सरळ नसते. त्याची चूक मोजलेली असते, म्हणून ते सरळ दाखवते. हौशी दुर्बिणीलाही हाच न्याय लागू आहे.

सर्वांत मोठ्या चुका आकडे भरतानाच होतात आणि ओळखायलाही त्याच सर्वांत सोप्या असतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. म्हणून वेळेतली प्रत्येक चूक आकाशात ठरावीक अंतर होऊन उमटते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. कंट्रोलरच्या यादीतून पाच किंवा सहा तासांचा विभाग निवडला आणि घड्याळ मात्र आपले लावले, तर दुर्बीण ताऱ्यापासून साडेसात अंश लांब जाऊन थांबते. यादीत अर्धा तास मिळतच नसेल तर विभाग शून्य ठेवून जागतिक वेळ आणि तारीख भरावी, म्हणजे प्रश्न मिटतो. ‘डेलाइट सेव्हिंग’ चुकून चालू राहिले की फरक १५ अंशांचा पडतो; ती पद्धत आपल्याकडे नाहीच, म्हणून ती कायम बंद असायला हवी. तारखेचा सापळा याहून फसवा असतो. अमेरिकी कंपन्यांच्या अनेक कंट्रोलरांत महिना आधी आणि दिवस नंतर लिहायचा असतो. ४ जानेवारीला आपल्या सवयीने ०४/०१ लिहिले तर यंत्र १ एप्रिल समजते आणि आकाश सुमारे ८६ अंशांनी फिरते. १२ तारखेनंतर यंत्र तेरावा महिना स्वीकारत नाही, त्यामुळे ही चूक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच होऊ शकते. ‘मागच्या वेळी तर चालत होती’ ही तक्रार इथूनही जन्मते. रेखांश पूर्वेऐवजी पश्चिम भरला गेला तर यंत्र पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूला जाऊन पोचते आणि डोक्यावरचा तारा त्याच्या लेखी क्षितिजाखाली असतो.

हे अंतर मोजायला साधन लागत नाही. हात ताठ लांब केला की मूठ सुमारे १० अंश आकाश झाकते, मधली तीन बोटे पाच अंश आणि करंगळी एक अंश. चंद्राचे बिंब अर्ध्या अंशाचे, म्हणजे ३० कलांचे. पहिल्या ताऱ्याकडे दुर्बीण आपणहून वळली आणि मुठीपेक्षा थोडी कमी चुकली, तर अर्ध्या तासाचा घोळ आहे; दीड मूठ चुकली तर डेलाइट सेव्हिंग पाहावे. याच मापाने नको त्या शंकाही दूर होतात. कोंडाण्याला उभे राहून यंत्रात ‘मुंबई’ निवडले म्हणून अलाइनमेंट फसली, असे म्हणणारे भेटतात. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांत फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा, म्हणजे घड्याळाच्या दोन मिनिटांचा आहे. तारा तेवढ्याने फाइंडरच्या, म्हणजे नळीवरच्या छोट्या दुर्बिणीच्या, बाहेर जात नाही. फोनवर दिसणारे दशांशातले ७३.३८ हे ७३ अंश ३८ कला म्हणून भरले तरी बिघाड पाव अंशाचाच होतो. अशा बारीक चुका दुरुस्त करण्यात अर्धी रात्र घालवणे व्यर्थ आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बिनबुडाचा नाही. दोन तारे नीट मध्यभागी आणून दाखवले की गणिताच्या दृष्टीने वेळ आणि ठिकाण यांची गरज उरत नाही. मग वेळेचा एवढा बाऊ कशाला? ताऱ्यांपुरते हे खरे आहे. घड्याळ अर्धा तास चुकलेले असतानाही दोन ताऱ्यांची अलाइनमेंट यशस्वी होऊ शकते आणि नंतरचे तेजोमेघ, तारकागुच्छ जागच्या जागी सापडू शकतात. पण यातही तीन अडचणी आहेत. पहिला तारा शोधायला यंत्र जिथे जाते ती जागा वेळेवरूनच ठरते; तिथे भलताच तेजस्वी तारा दिसला तर नवखा माणूस तोच खरा मानतो. कुठलेही तीन तेजस्वी तारे दाखवा, नावे मी ओळखतो, अशी सोय काही कंट्रोलरांत असते. तिथे तर ओळख पटवण्यासाठी वेळ आणि ठिकाण लागतेच. शिवाय चंद्र आणि ग्रह यांची स्थाने यंत्र वेळेवरून काढते. चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो आणि निरीक्षकाच्या ठिकाणाप्रमाणे त्याची जागा जवळजवळ एक अंशापर्यंत बदलते. म्हणून तारे बरोबर सापडतात आणि चंद्र तेवढा चुकतो, असे दिसले तर घड्याळ व ठिकाण तपासावे. अलाइनमेंटसाठी चंद्र वापरू नये तोही याचसाठी.

आकडे बरोबर असतील तर दुसरा संशय ताऱ्यांच्या निवडीवर घ्यावा. छापील पुस्तिका इथे कमी पडते, कारण तिला कोंडाण्याचे क्षितिज माहीत नसते. आग्नेयेला राजमाचीचा डोंगर आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. डोंगराने १५ अंश आकाश अडवले असेल, तर पंचांगाप्रमाणे उगवलेला तारा दिसायला तासाहून जास्त वेळ लागतो. कंट्रोलर मात्र तो तारा खुशाल सुचवतो. दक्षिणेचा तेजस्वी अगस्त्य इथून जास्तीत जास्त साडेअठरा अंश वर येतो. तितक्या खाली धुरके दाट असते आणि वातावरणातल्या वक्रीभवनाने तारा दोन-तीन कला वर उचललेला दिसतो. क्षितिजाला तर ही उचल अर्ध्या अंशाहून अधिक होते. खालचे तारे टाळावेत हे सगळेच सांगतात, पण आपल्या अक्षांशावर वरचे तारेही तितकेच फसवे आहेत. कोंडाण्याचा अक्षांश १८.८ अंश आणि स्वातीची क्रांती उत्तर १९.१ अंश, म्हणजे स्वाती इथे जवळजवळ नेमकी डोक्यावरून जाते. रोहिणी खमध्यापासून, म्हणजे नेमक्या डोक्यावरच्या बिंदूपासून, अवघ्या सव्वादोन अंशांवरून जाते. खमध्याजवळ आडव्या दिशेला अर्थच उरत नाही. रोहिणी तिथे असताना तिला मध्यभागी आणण्यात १० कलांची चूक झाली तर आडव्या मापात ती चार अंशांहून मोठी होते. एकाच ताऱ्यावर अलाइनमेंट करणाऱ्याला ही चूक थेट भोवते. दोन तारे घेतले तर गणित ती सावरून घेऊ शकते, पण नळी आणि आस यांच्यातला तिरपेपणा तिथेच सर्वांत जास्त त्रास देतो. युरोप-अमेरिकेत बसून लिहिलेल्या पुस्तिकेत रोहिणी हा उत्तम तारा ठरतो; कर्जत-खालापुरात जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमाराला तो नको.

मग काय घ्यावे? त्याच वेळी आग्नेयेला व्याध सुमारे ४० अंश उंचीवर, डोंगराच्या बराच वर असतो आणि उत्तरेकडे ब्रह्महृदय ६० अंशांवर. कंट्रोलरवर ही नावे सिरियस आणि कॅपेला अशी येतील. दोघांत सुमारे ६६ अंशांचे अंतर आहे आणि ते महत्त्वाचे आहे. जवळजवळचे दोन तारे निवडले तर मध्यभागी आणताना झालेली चूक वाढत जाते. दोन तारे १५ अंशांवर असतील आणि चूक १० कलांची असेल, तर आकाशाच्या दुसऱ्या टोकाला ती जवळपास चौपट होऊन चंद्राच्या बिंबाहून मोठी होते. ‘पूर्वेकडचे सगळे सापडते, पश्चिमेकडे काहीच नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. चुकीचा तारा धरण्याची भीती मिथुनेत विशेष: पुनर्वसूचे दोन तारे एकमेकांपासून साडेचार अंशांवर, तेजाने जवळपास सारखे, आणि गुरू त्या राशीत आला की सर्वांत झळाळणारा ठिपका ताराच नसतो. दोन ताऱ्यांमधले मोजलेले अंतर यादीतल्या अंतराशी जुळले नाही तर कंट्रोलर अलाइनमेंट फसली म्हणून सांगतो. तो निरोप म्हणजे यंत्राचा बिघाड नव्हे. तारा ओळखण्यात आपली गफलत झाल्याची ती सूचना आहे.

तारे योग्य निवडले, तरी ते मध्यभागी आणणे हे कसबाचे काम आहे. आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीचे नाभीय अंतर २०३२ मिलिमीटर असते. सोबतचा २५ मिलिमीटरचा आयपीस लावला की ८१ पट वर्धन मिळते आणि दिसणारे वर्तुळ साधारण ३७ कलांचे. तारा या वर्तुळाच्या काठाशी असताना बटण दाबले तर १८ कलांची चूक कायमची नोंदली जाते. १० मिलिमीटरचा आयपीस लावून तोच तारा मध्यभागी आणला तर चूक काही कलांवर येते. तारा मध्यभागी आणताना शेवटची हालचाल वर आणि उजवीकडे नेणाऱ्या बटणांनीच करावी, असे सेलेस्ट्रॉन कंपनीच्या पुस्तिका सांगतात. गिअरच्या दात्यांमध्ये थोडी ढिलाई असते आणि गो-टू ज्या दिशेने लक्ष्यावर येते त्याच दिशेने आपण आलो, तर ती ढिलाई हिशेबातून निघून जाते. फाइंडर नळीशी जुळलेला नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ. तो दिवसाउजेडी जुळवावा आणि लांबच्या खुणेवर जुळवावा. फाइंडर आणि नळी यांच्यात १५ सेंटिमीटर अंतर असेल, तर ३० मीटरवरच्या विजेच्या खांबावर जुळवल्यास १७ कलांची चूक राहते. श्रीवर्धन किंवा मनरंजनच्या माथ्यावर जुळवल्यास ती नगण्य होते. मोकळ्या जागेवरून दिसणारे राजमाचीचे हे दोन बालेकिल्ले कोंडाण्याच्या निरीक्षकाला फुकट मिळालेले साधन आहे. आरसे जुळवणे, म्हणजे कॉलिमेशन, हा मात्र वेगळा विषय आहे. ते बिघडले तर प्रतिमा धूसर होते, दुर्बीण रस्ता चुकत नाही.

पुढचा गट आहे वेळेबरोबर वाढत जाणाऱ्या चुकांचा. सुरुवातीला सगळे बरोबर आणि तासाभराने काहीच सापडत नाही, असे झाले की नजर आकाशाकडून जमिनीकडे वळवावी. नोव्हेंबरात भाताच्या खाचरातली माती वरून कोरडी आणि आतून ओली असते. १५ किलोंचे यंत्र तिच्यावर ठेवले की ट्रायपॉडचा एखादा पाय हळूहळू रुततो. पायांखाली फरशीचे तुकडे किंवा फळकुटे ठेवली तर हा प्रश्न उरत नाही. ट्रायपॉड पाणसळीने अगदी समपातळीत हवा, असा आग्रह अनेकजण धरतात. दोन ताऱ्यांच्या पद्धतीत थोडा तिरपेपणा गणितातच सुटतो. समपातळी हवी ती पहिला तारा जवळपास सापडावा म्हणून आणि एकताऱ्याच्या पद्धतीत. पण अलाइनमेंटनंतर हललेला ट्रायपॉड कुठल्याच गणितात बसत नाही. म्हणजे समपातळीहून स्थिरता मोठी. क्लच सैल असेल, किंवा आकाशदर्शनाच्या रांगेतल्या एखाद्याने आयपीसला धरून नळी ओढली, तरी हेच होते. आसांवर स्वतंत्र एनकोडर असलेले काही माउंट हाताने हलवूनही हिशेब विसरत नाहीत, बाकीचे विसरतात. काही नियम नसलेली, कधी इकडे कधी तिकडे अशी चूक दिसली तर वीजपुरवठा तपासावा. पेनटॉर्चचे आठ सेल मोटरना फार वेळ पुरत नाहीत. पावसाळाभर कपाटात पडलेली १२ व्होल्टची बॅटरी चार्ज झालेली दिसते, पण भार पडताच तिचा दाब कोसळतो. गाडीच्या लायटर-सॉकेटमधला प्लग सैल बसतो. सेलेस्ट्रॉनच्या पडद्यावर येणारा ‘नो रिस्पॉन्स १६’ किंवा ‘१७’ हा निरोप म्हणजे हँड कंट्रोलर आणि मोटर यांच्यातला संपर्क तुटल्याची खूण. कोकणच्या दमट हवेत चार महिने पडून राहिलेल्या जोडपिना आधी साफ कराव्यात, मग दुरुस्तीचे दुकान गाठावे.

विषुववृत्तीय माउंट वापरणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांना एक आस ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि कोंडाण्याहून ध्रुवतारा फक्त १९ अंशांच्या आसपास असतो. उत्तरेला झाडांची रांग असली तरी तो झाकला जातो. इतक्या कमी अक्षांशावर आस जवळजवळ आडवा होतो आणि वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला टेकू लागतो, हाही आपल्या भागाचा खास त्रास. ध्रुवतारा झाकलेला असेल तर होकायंत्र चालते, कारण आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात एक अंशाहूनही कमी फरक आहे. मात्र पोलादी ट्रायपॉड आणि उभी गाडी यांच्यापासून ते लांब धरावे.

एवढा खटाटोप आता कशाला, कॅमेऱ्याने आकाशाचा फोटो घेऊन यंत्र स्वतःच जागा ओळखते, असे कुणी म्हणेल. ते तंत्र खरेच चांगले आहे. तारा ओळखण्याची चूक आणि खमध्याचा घोळ त्याने बऱ्याच अंशी संपतो. पण कॅमेरा आणि नळी यांची दिशा एकदा जुळवावीच लागते आणि रुतणारा पाय, सैल क्लच, दबलेली बॅटरी यांवर त्याच्याकडे इलाज नाही. दुसरा आक्षेप जुन्याजाणत्यांचा: आकाश पाठ असलेल्याला गो-टू लागतच नाही. एकट्याने बघणाऱ्याला कदाचित नसेल लागत. पण पश्चिमेकडे नवी मुंबईचा उजेड वर चढलेला असताना अंधुक दीर्घिकेचा माग काढणे कठीण होते आणि शंभर माणसांच्या रांगेत शनी आयपीसमध्ये टिकवून धरायचा तर मोटरच हवी. शिवाय अलाइनमेंट करायलाच आकाश ओळखावे लागते, तेव्हा ही दोन कौशल्ये एकमेकांच्या विरोधात नाहीत. स्वस्त यंत्राच्या प्लास्टिकच्या दात्यांना दोष देणाऱ्यांचेही थोडे खरे आहे. त्यांच्यामुळे शेवटच्या काही कलांची अचूकता हाती लागत नाही. पण साडेसात अंशांची चूक कुठल्याही दात्याने होत नाही.

आढाव्याचा निष्कर्ष असा: जवळपास मुठीएवढी किंवा त्याहून मोठी चूक आकड्यांची, आकाशाच्या एकाच बाजूला वाढणारी चूक ताऱ्यांच्या निवडीची, सगळीकडे सारखी, बिंबाएवढी चूक फाइंडरची आणि तारा मध्यभागी आणण्याची, वेळेबरोबर वाढणारी चूक जमिनीची किंवा क्लचची, आणि बेभरवशाची चूक विजेची व जोडण्यांची. याच क्रमाने तपासावे, कारण याच क्रमाने तपासणी सोपी आणि बिनखर्चाची आहे. दोन ताऱ्यांनंतर न चुकता तिसऱ्या ताऱ्याकडे जाऊन पाहावे. पडद्यावरच्या ‘सक्सेस’पेक्षा हा पुरावा मोठा. आकाशदर्शनाचे कार्यक्रम करणाऱ्या मंडळांना एकच विनंती आहे. प्रत्येक गो-टू दुर्बिणीच्या पेटीत एक वही ठेवा आणि तिसरा तारा किती कला, कोणत्या बाजूला चुकला ते दर रात्री लिहा. एका मोसमाच्या नोंदी हाती आल्या की दुर्बीण विकायची, दुरुस्त करायची की फक्त तिचे घड्याळ लावायचे, हे वाद न घालता ठरवता येईल.